जुन्या मिलची चिमणी आणि राज्यघटना

सोलापूरच्या नवी पेठेत कोणालाही ‘जुनी मिल कुठे?’ असे विचारले, तर तो मुरारजी पेठेकडे बोट दाखवतो. गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला. पत्ता लिहिताना मात्र ‘जुनी मिल कंपाउंड’ हे शब्द अजून येतात. एखाद्या गावाचा इतिहास पत्त्यांत कसा साठून राहतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ही गिरणी म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. मुंबईचे उद्योजक मुरारजी गोकुळदास यांनी १८७०च्या दशकात ती उभारली. सोलापूरच का? आसपास कापूस पिकत होता, गावात हातमागाची जुनी परंपरा होती, आणि १८६० साली रेल्वे आली होती. वाफेच्या इंजिनाला लागणारा कोळसा आणायला आणि तयार सूत बाहेर पाठवायला रेल्वेच हवी होती.

गिरणी म्हटली की उंच चिमणी आलीच. ती केवळ धूर दूर सोडण्यासाठी नव्हती. चिमणीतले तापलेले वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलके असतात. त्यामुळे ते वर चढतात आणि भट्टीत ताजी हवा ओढली जाते. चिमणी जितकी उंच, तितकी ही ओढ अधिक.

या गिरणीचे नाव कायद्याच्या पुस्तकांतही कायमचे नोंदले गेले आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने गिरणी बंद केली आणि कामगारांच्या घरातल्या चुली विझायची वेळ आली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. पुढे त्याचा कायदा झाला. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने त्याला आव्हान दिले. डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांचा अर्ज फेटाळला. पण डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात न्यायालयाने तोच कायदा रद्द ठरवला: भरपाई न देता मालमत्ता काढून घेता येणार नाही. अशा निकालांमुळेच १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती झाली. मालकाचा हक्क मोठा की कामगाराची भाकरी, हा प्रश्न सोलापूरच्या एका गिरणीने साऱ्या देशापुढे ठेवला.

गिरणी गेल्यावर उरते ती जमीन. तिच्यावर हक्क कोणाचा? मुंबईत १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. अमेरिकेतल्या लॉवेल गावाने वेगळी वाट धरली. तिथे १९७८ साली गिरण्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आपल्याला वाटते, घरे आणि दुकाने हवीतच. पण ज्यांच्या घामावर गाव वाढले, त्यांची एखादी खूणही तिथे असावी.

शिक्षकांनी एक उपक्रम जरूर करून पाहावा. एका मीटर काठीची सावली आणि गावातल्या एखाद्या उंच चिमणीची सावली एकाच वेळी मोजा. समरूप त्रिकोणांवरून चिमणीची उंची काढा. मग विद्यार्थ्यांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा, ‘मिलमध्ये आपल्यापैकी कोण होते?’ सोलापुरात बहुतेक वर्गांत काही हात तरी नक्की वर होतील.