गोंदिया जंक्शनवरच्या दोन गाड्या

गोंदियाच्या स्टेशनवर उभं राहिलं की एका लाईनने मुंबईला जाता येतं आणि दुसरीने वडशाला. विदर्भ एक्सप्रेस इथूनच सुटते आणि थेट मुंबईच्या सीएसएमटीला पोचते. दुसरी लाईन एके काळी नॅरोगेज होती. ती धानाच्या बांध्यांमधून आणि जंगलातून, अर्जुनीवरून बल्लारशाकडे जाते आणि वाटेत वडसा लागतं. नाटकात काम करणाऱ्या इथल्या पोराला कोणी विचारलं, 'टीव्हीत का नाही जात?', तर त्याला या दोनपैकी एक गाडी निवडावी लागते. असं का, याला थोडा इतिहास आहे.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर धान निघायला लागतं, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. पुढे शंकरपट असला की पटाच्या रात्रीही नाटक. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परत आल्या. मधल्या वर्षांत पट नव्हता, पण नाटक होतं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतो. या सगळ्याचा बाजार वडशात. तिथल्या कंपन्यांच्या ऑफिसात गावाची मंडळी येतात, नाटक ठरवतात, तारीख बांधतात. मूळ धागा दंडार आणि खडीगंमत या लोककलांचा आहे, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी त्या दंडारीवर आणि झाडीबोलीवर आयुष्यभर काम केलं.

भाऊबीज ते होळी धरली तर साधारण १३० रात्री होतात. चांगल्या नटाच्या त्यातल्या बहुतेक भरलेल्या असतात. आज सालेकशाकडे, उद्या नवेगावबांधच्या बाजूला, परवा गडचिरोलीत. रोज गाव वेगळं, कित्येकदा नाटकही वेगळं, म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसलेला. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ८०० भूमिका आणि ५ हजार प्रयोग असा हिशोब छापून आला. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो छपाईची चूक वाटला असेल. झाडीतल्या माणसाला वाटला नसेल.

म्हणजे इथला तरुण नट रिकामा बसलेला नाही. त्याला रंगभूमी आहे, प्रेक्षक आहे, पोस्टरवर फोटो आहे आणि प्रयोगाची नाईट आहे. छोट्या गावातला पोरगा काहीच नसताना मुंबईला गेला आणि स्टार झाला, ही गोष्ट आपल्याला फार आवडते. पण ती याला लागू होत नाही. हा जातो तेव्हा हातातलं सोडून जातो.

टीव्ही सुरुवातीला असं काही मागत नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मराठी कार्यक्रमांना नट लागत होते आणि नट होते ते नाटकात. दिलीप प्रभावळकर रंगभूमीवरून आले आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींचे चिमणराव झाले. शेजारी गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे. महाराष्ट्राने प्रभावळकरांना त्या कृष्णधवल पडद्यावर ओळखलं, पण त्यासाठी त्यांना नाटक सोडावं लागलं नाही. मालिका आठवड्यातून एकदा, स्टुडिओ वरळीत, नाट्यगृहं दादर, पार्ले, गिरगावात. २००१ साली ते अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबा झाले, तीही साप्ताहिकच. या सगळ्यात गुणवत्ता होतीच, मला त्याबद्दल शंका नाही. पण भूगोलही होता, आणि त्याबद्दल आपण बोलत नाही.

(त्याच काळातली एक गंमत. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांना टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. त्यात मध्य प्रदेश होता, म्हणजे गोंदियाच्या शेजारचा आजचा छत्तीसगडही आला. महाराष्ट्र नव्हता. टीव्ही आपल्या सीमेपर्यंत येऊन पलीकडेच बसला.)

मग १९९९ उजाडलं. १ मेला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि १५ ऑगस्टला अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वय सारखं आहे. पुढच्या काही वर्षांत रोजच्या मालिका आल्या. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि तीन हजारांहून जास्त भाग चालली. रोज भाग दाखवायचा तर महिन्यातले बहुतेक दिवस शूटिंग, पुढच्या भागांची बँक तयार ठेवायची, बारा-बारा तासांची शिफ्ट. मुंबईतला नट यातून निदान शनिवार-रविवारचा प्रयोग काढतो. गोंदियाच्या नटाची रंगभूमी मात्र हजार किलोमीटर लांब आहे आणि ती नेमकी त्या चार महिन्यांतच उभी असते. कार्तिकात मालिका मिळाली की वर्षाचा हंगाम गेला. आणि एका हंगामात तुम्ही दिसला नाहीत की तुमची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली असते. त्यात मालिकेचे पैसे साधारण तीन महिन्यांनी हातात पडायचे, असा या धंद्याचा रिवाज. भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं.

कामाचं म्हणाल तर अर्धी लढाई हा नट जिंकूनच येतो. सकाळी सेटवर हातात पडलेली पानं पाठ करायची, हे ऐकून शहरातला नवखा घाबरतो. याने संध्याकाळी पोचून रात्री नवं नाटक केलेलं असतं. जागरणाचं त्याला काय सांगायचं! अडतं ते आवाजाशी. स्टेजवर वरून टांगलेल्या माइकखाली उभं राहून मांडवाच्या शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यापर्यंत हुंदका पोचवायचा असतो. क्लोजअपमध्ये तोच हुंदका तमाशा वाटतो. कॅमेरा भुवईसुद्धा मोजतो. हे शिकता येतं, शेकडो जण शिकले आहेत. पण शिकलेलं परत स्टेजवर आणलं की मागच्या ओळीतून आवाज येतो, 'जोरात बोल ना बे!'

आणि भाषा. झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. ऑडिशनमध्ये हे पहिल्या वाक्यात पकडलं जातं. २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'मध्ये अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घराघरात नेली, पण विनोदाच्या दाराने. झाडीबोलीला ते दारही नीट उघडलेलं नाही. यात सगळा दोष मुंबईचा नाही. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातही नायक-नायिका प्रमाण मराठीत रडतात आणि बोली येते ती बहुतेक विनोदी पात्राच्या तोंडी. हसवायचं काम आपणही बोलीलाच दिलं होतं. मला हे टोचतं.

उलटी वाहतूकही झाली. टीव्ही-सिनेमातले चेहरे झाडीच्या पोस्टरवर पाहुणे म्हणून यायला लागले, आणि त्यांच्या नावाखाली वर्षभर गाडी ओढणाऱ्याचं नाव बारीक टायपात गेलं. जून २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' आला, झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचा, तिथल्याच कलाकारांना घेऊन केलेला. त्याच्या आधी कोरोनाने हंगाम मोडला होता. तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की नाटक बंद पडू शकतं, आणि मग मोबाईल हातात आला.

आता यूट्यूबवर अख्खी नाटकं सापडतात. कोणीतरी मांडवात मागे उभं राहून काढलेली. कॅमेरा हलत नाही, क्लोजअप नाही, नटाचा चेहरा तुमच्या स्क्रीनवर हरभऱ्याएवढा. रात्री इअरफोन लावून एखादं ऐका. चेहरा नाही दिसणार, पण शब्द न् शब्द पोचतो.