केबल कापणाऱ्या कटरचा इतिहास : पक्कडीपासून बजाजनगरपर्यंत

बजाजनगरच्या आसपासच्या कारखान्यांत काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनची पिशवी उघडली, तर तीत कापण्याची किमान तीन हत्यारे निघतात : पक्कड, केबल कटर आणि एक्सा ब्लेड लावलेली करवत. तिन्ही कापतात. मग एकच का पुरत नाही? उत्तर शोधण्यासाठी सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते, कारण या हत्यारांचा आकार माणसाने हौसेने ठरवलेला नाही. तो तारेच्या धातूने ठरवला आहे.

प्रथम स्थळ. तेव्हाच्या औरंगाबादहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाळूजला, ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. भोवती एमआयडीसीची वसाहत वाढली आणि वडगाव कोल्हाटीच्या शिवारात कामगारांचे बजाजनगर उभे राहिले. अशा वसाहतीचे रक्ताभिसरण जमिनीखालून आणि ट्रेमधून धावणाऱ्या जाड केबलींतून चालते. त्या केबली कोणाला तरी हाताने कापाव्या लागतात.

आता मागे जाऊ. साल १८५७, शहर शिकागो. तारायंत्राच्या लाइनवर काम करणारा एक लाइनमन मोडकी पक्कड घेऊन मॅथियास क्लाइन या लोहाराकडे आला. लोहाराने तुटलेला अर्धा भाग नव्याने घडवून जुन्या अर्ध्याला जोडून दिला. पुढे तो जुना अर्धाही मोडला. लोहाराने तोही घडवला आणि क्लाइनची पहिली संपूर्ण पक्कड तयार झाली. क्लाइन कंपनी आपली जन्मकथा अशी सांगते. तारायंत्राची तार त्या काळी बहुधा लोखंडी असे, त्यामुळे ते हत्यार लोखंड पिळण्यासाठी आणि तोडण्यासाठीच जन्मले. पकडायचे, पिळायचे, तोडायचे : एका हातात तीन कामे.

त्या युगाची एक खूण आपल्याकडे अजून जिवंत आहे. आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम करणारा मराठवाड्यातला मुलगा प्रात्यक्षिकात ‘वेस्टर्न युनियन जॉइंट’ बांधायला शिकतो. वेस्टर्न युनियन ही अमेरिकेतील तारायंत्र कंपनी. नाव उच्चारताना त्या मुलाला कल्पनाही नसते की आपण एकोणिसाव्या शतकातली गाठ मारत आहोत.

महाराष्ट्रात पक्कड घरोघरी पोहोचली ती बरीच नंतर. नाशिकच्या टपारिया टूल्सने १९६९ पासून एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे बनवायला सुरुवात केली, आणि आज अनेक दुकानांत ‘टपारिया’ हे पक्कडीचे दुसरे नावच झाले आहे.

पण पक्कड कापते कशी, हे नीट पाहायला हवे. तिची दोन पाती समोरासमोर येतात आणि दोन्ही बाजूंनी पाचर ठोकल्याप्रमाणे तार फाकवतात. बारीक तारेला हे चालते. जाड, अनेक धाग्यांच्या केबलला चालत नाही : ती आधी चेपते, मग फाटते. अडकित्त्यात सुपारी कापणे आणि अडकित्त्यात ऊस कापणे यांत जो फरक, तोच येथे. केबल कटरची पाती म्हणून वेगळी असतात. ती बाकदार असून कात्रीसारखी एकमेकींच्या शेजारून सरकतात. बाक केबलला बाहेर निसटू देत नाही, उलट आत ओढून घेतो. कापलेले तोंड गोल राहते.

तोंड गोल राहण्याचे एवढे अप्रूप का? यासाठी अॅल्युमिनियमकडे वळले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत भारतात तांबे अपुरे होते आणि ते आयात करण्यासाठी परकीय चलनही तुटपुंजे. म्हणून वीजवाहिन्यांत, केबलींत, अनेक घरांच्या वायरिंगमध्येसुद्धा अॅल्युमिनियम आले. अॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. म्हणजे तेवढाच प्रवाह तेवढ्याच रोधातून न्यायचा तर तारेच्या काटछेदाचे क्षेत्रफळ सुमारे १.६ पट हवे. वजन मात्र तांब्याच्या निम्मेच भरते, कारण हा धातू फार हलका. राष्ट्राच्या तिजोरीला हा सौदा फायद्याचा ठरला. जाडी वाढली, तिचा भार मात्र कामगाराच्या मुठीवर आला.

कारखान्यांतील ‘साडेतीन कोअर’ केबल हे याचेच अपत्य. तीन फेजचे तीन पूर्ण कोअर आणि न्यूट्रलचा जवळपास अर्ध्या काटछेदाचा चौथा, म्हणून साडेतीन. हा शब्द इतका रुळला आहे की त्यातला विनोदही आता कोणाला जाणवत नाही. अशा केबलच्या टोकाला लग बसवून, तो दाबून पॅनलला जोडतात. कापताना टोक चेपले, धागे विस्कटले, की ते लगमध्ये शिरत नाही. घाईत असलेल्या माणसाला तेव्हा एक मोह होतो : चार धागे छाटून टाकायचे. लग बसतो, यंत्र सुरू होते, काम झालेले दिसते. पण आता तोच प्रवाह कमी धाग्यांतून जातो. वर अॅल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा थर चढतो, जो वीज अडवतो. आणि दाबाखाली हा मऊ धातू हळूहळू सरकून जोड सैल करतो. सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो. काही महिन्यांनी पॅनलमधून जळका वास येतो, तेव्हा त्या दिवशीचा वाकडा काप कोणाच्या स्मरणात नसतो. इलेक्ट्रिशियन कटरकडे स्वच्छ काप मागतो त्यामागे सौंदर्यदृष्टी नाही, ही भीती आहे.

दुसरी मागणी ताकदीची. साधा हिशेब असा : मूठ सांध्यापासून ६० सेंटिमीटरवर आणि केबल ५ सेंटिमीटरवर असेल, तर हाताचा जोर १२ पट होतो. पण एवढे लांब दांडे पॅनलच्या मागच्या अरुंद जागेत उघडणार कसे? त्यावर तोडगा म्हणजे रॅचेट. सरकत्या पात्याच्या पाठीवर दाते असतात. प्रत्येक दाबाला ते एक दाता पुढे सरकते आणि खटका त्याला मागे येऊ देत नाही. एकदाच शंभर मण उचलण्याऐवजी शंभर वेळा एक मण उचलावे, असा हा व्यवहार. वेळ जास्त लागतो. पण एक हात मोकळा राहतो, आणि शिडीवर उभ्या माणसाला त्या मोकळ्या हाताची किंमत ठाऊक असते.

मग करवत कशाला? आर्मरसाठी. जमिनीखालच्या केबलवर जस्त चढवलेल्या पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे चिलखत असते. या चिलखताचा वंश समुद्रात सापडतो. १८५० साली इंग्लंड-फ्रान्स दरम्यान टाकलेली बिनचिलखती तार जवळजवळ लगेच निकामी झाली. १८५१ मध्ये लोखंडी तारा गुंडाळलेली केबल टाकली, ती टिकली. १८७० मध्ये मुंबई समुद्री केबलने इंग्लंडशी जोडली गेली. वाळूजच्या मातीत पुरलेली आर्मर्ड केबल त्याच कुळातली.

पोलाद आणि केबल कटर यांचे मात्र हाडवैर. स्वच्छ कापासाठी पाते पातळ व तीक्ष्ण हवे, आणि पातळ पाते पोलादावर पडले की त्याला खाच पडते. ती खाच मग पुढच्या प्रत्येक कोअरवर उमटते. ‘सगळे कापणारे एकच कटर’ ही इलेक्ट्रिशियनची जुनी इच्छा या एका कारणाने अपुरी राहिली आहे. म्हणून आधी एक्साने आर्मर, मग कटरने कोअर.

ओव्हरहेड लाइनवर हीच अडचण नावांमधून ओळखता येते. ब्रिटिश परंपरेत नुसत्या अॅल्युमिनियमच्या तारांना कीटकांची नावे : अँट, नॅट, वॉस्प, आणि आत पोलादी गाभा असलेल्या तारांना प्राण्यांची : स्क्विरल, विझल, रॅबिट, डॉग. ‘रॅबिट’मध्ये एका पोलादी तारेभोवती सहा अॅल्युमिनियमच्या तारा असतात. आपल्याकडचे लाइनमनही हीच नावे वापरतात. किडा असेल तर साधा कटर चालेल, जनावर असेल तर पोलाद कापणारा हवा, असे हे वर्गीकरण आपोआपच सांगून जाते.

शेवटची मागणी मुठींची, आणि गैरसमजही येथेच सर्वाधिक. कटरच्या दांड्यांवरील रंगीत प्लास्टिक बहुतेकदा पकड बसावी म्हणून असते. विजेपासून संरक्षण देण्यासाठी नव्हे. खरोखर इन्सुलेटेड असलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा असतो, आणि विक्रीपूर्वी ते १०,००० व्होल्टला तपासलेले असते. त्यातही हे संरक्षण १००० व्होल्टपर्यंतचेच. ट्रेमध्ये शेजारी शेजारी एकसारख्या दहा काळ्या केबली असतात आणि बंद केलेली त्यांतली एकच. कटर कितीही उत्तम असला तरी ती कोणती, हे तो सांगू शकत नाही. ते टॅग वाचून, दोन्ही टोके पाहून आणि पुरवठा खरोखर बंद आहे हे तपासूनच ठरवावे लागते, पाती मिटण्यापूर्वी.