उमर सोभानी : चरख्याला कापूस पुरवणारा गिरणीमालक

खिलाफत आणि असहकाराचा धडा शिकवताना आम्ही मुलांना अली बंधू सांगतो, मौलाना आझाद सांगतो. मुंबईचे उमर सोभानी राहूनच जातात. म्हणून ही थोडी माहिती.

उमर हे हाजी युसूफ सोभानी या बड्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. कापसाची तिजारत आणि परळची एल्फिन्स्टन मिल, अशी घरची दौलत. होमरूल लीगमधून ते राजकारणात उतरले, सोबत मित्र शंकरलाल बँकर. फेब्रुवारी १९१९ मध्ये रौलट विधेयकांविरुद्ध साबरमतीला सत्याग्रहाची प्रतिज्ञा झाली. तिच्यावर सही करणाऱ्या पहिल्या मंडळींत उमर होते. एप्रिलमध्ये सरकारने 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांना हद्दपार केलं. 'यंग इंडिया'ची व्यवस्था तेव्हा उमर आणि बँकर यांच्याकडे होती. ते पत्र त्यांनी गांधीजींच्या हवाली केलं.

श्रीमंत माणसाने चळवळीला पैसा देणं नवं नव्हतं. खिलाफत कमिटीचे अध्यक्ष मियाँ मोहम्मद छोटानी हेसुद्धा मुंबईचेच, लाकडाचे व्यापारी. पण उमरभाईंची गोष्ट जरा वेगळी. विलायती कापड बंद झालं तर देशी गिरण्यांचा फायदाच होता, हे खरं. खादीचं तसं नाही. घरोघरी सूत निघालं तर गिरणीचं गिऱ्हाईक तुटणार, म्हणून गिरणीमालक या कामावर टीका करत होते. विजापूरला (कर्नाटकातलं नव्हे, गुजरातमधलं) गंगाबेन मजमुदार यांना जुने चरखे सापडले, बायका कातायलाही तयार झाल्या, पण पेळू आणायचे कुठून? ते उमरभाईंनी आपल्या मिलमधून दिले. इतके, की सतत घेत राहायचा संकोच वाटू लागला, असं गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलंय. इतर गिरणीमालक काय बोलतात, हेही उमरभाई त्यांना कळवत.

३१ जुलै १९२१ ला विलायती कापडाची मोठी होळी पेटली, ती त्यांच्याच एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळकांची पहिली पुण्यतिथी होती.

पुढे कापसाच्या सौद्यांत त्यांची दौलत गेली. सरकारने बाजार मुद्दाम पाडला, असं आपल्याकडे सांगतात. सट्टा मात्र त्या धंद्यात होताच, आणि त्यात चांगले चांगले बुडत. १९२६ मध्ये, ऐन उमेदीच्या वयात, ते अल्लाहला प्यारे झाले. गांधीजींनी त्यांच्यावर 'यंग इंडिया'त लिहिलं. परळच्या त्या मिलच्या जागी आज काचेचे टॉवर आहेत.