विश्वकिरण आणि विमानातील माणसे

पातूरची लेणी विद्यार्थ्यांना दाखवताना शिक्षकांनी त्या काळ्या खडकापासूनच एक वेगळा धडा सुरू करावा, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. लाव्हारसापासून बनलेल्या या बेसाल्टमध्ये युरेनियम आणि थोरियम ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ कमी असते. म्हणजे वऱ्हाडात जमिनीतून येणारा किरणोत्सार तसा अल्पच. मग वरून किती येतो?

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेकांची समजूत अशी होती, की हवेचे आयनीभवन जमिनीतील किरणोत्सारी द्रव्यांमुळेच होते. तसे असेल तर उंच जावे तसे ते घटत जायला हवे. ७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस बलूनमधून ५ किलोमीटरांहून वर गेले, तर ते उलट वाढलेले आढळले. किरण बाहेरून येत होते. पुढे १९२७ मध्ये हॉलंडच्या याकोब क्ले यांना जावा ते युरोप या सागरप्रवासात दिसले, की विषुववृत्ताजवळ हे विश्वकिरण कमी होतात. कारण ते मुख्यतः विद्युतभारित कण असतात आणि पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्यांना तेथे सर्वाधिक वळवते.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे या संशोधनासाठी आपला देश सोयीचा ठरला. १९३९-४० च्या हिवाळ्यात अमेरिकेचे मिलिकन येथे बलून सोडायला आले. महायुद्धामुळे भारतातच राहिलेले मुंबईचे होमी भाभा यांनीही बंगळूरला विश्वकिरण संशोधन सुरू केले. युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांच्या गटाने अमेरिकी लष्करी विमानातून सुमारे ३०,००० फुटांवर, म्हणजे ९ किलोमीटर उंचीवर, मोजमापे घेतली. आजची प्रवासी विमाने याहून थोडी वरूनच जातात!

मोजले गेले ते कण. माणसांचा विचार मात्र मागे राहिला. एअर इंडियाची जेट विमाने १९६० पासून उडू लागली, पण विमानकर्मचाऱ्यांना मिळणारी मात्रा व्यवसायजन्य मानावी, ही आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाची शिफारस आली १९९० मध्ये. क्ष-किरण खोलीतला तंत्रज्ञ मापनाचा बिल्ला लावतो, हे आपण जाणतोच. विमानातील मात्रा बहुधा मार्ग, उंची आणि सूर्याची स्थिती पाहून गणिताने काढतात. युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशात ही जबाबदारी विमान कंपन्यांवर टाकली. हे फार उशिरा झाले, असे आमचे मत आहे.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून विमान बंगळूरला आणले. भाभांच्या विमानाला चुंबकक्षेत्राचे सर्वांत चांगले कवच होते. ध्रुवाजवळ ते सर्वांत दुबळे असते. तेथे त्याच उंचीवर मात्रा दुप्पट-तिप्पट होते.

तरी घाबरवणारे आकडे फळ्यावर लिहू नयेत. विमानकर्मचाऱ्यांत काही कर्करोग थोडे अधिक आढळले आहेत, परंतु रात्रपाळी आणि बदलत्या घड्याळवेळा यांचा वाटा वेगळा काढता आलेला नाही. हिशेब मात्र वर्गात जरूर करून घ्यावा. तासाला ३ मायक्रोसिव्हर्ट धरले, तर वर्षाच्या ८०० तासांत २.४ मिलिसिव्हर्ट होतात. व्यवसायासाठी शिफारस केलेली सरासरी मर्यादा आहे वर्षाला २०. गर्भासाठी ती उरलेल्या गरोदरपणात सुमारे १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि तासाला ५ मायक्रोसिव्हर्टच्या मार्गावर ती २०० तासांत गाठली जाते.