पाव टन ट्रकचा तुंबा

अमेरिकी लष्कराच्या दफ्तरी जीपची नोंद होती ‘पाव टन ट्रक’! दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांवर गाड्या बनल्या आणि युद्धानंतर त्यांपैकी कित्येक शेतकऱ्यांच्या, हौशी भटक्यांच्या अंगणात आल्या.

खोट एकच. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह सोडवला, तरी पुढची चाके पुढचा अ‍ॅक्सल आणि शाफ्ट उगाच फिरवीत राहत. पेट्रोल जळे, दाते झिजत.

१९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी सिएटलमध्ये कंपनी काढून लॉकिंग हब विकायला आणले. ते पुढच्या चाकांच्या तुंब्यांवर बसत. चिखल दिसला की खाली उतरून हाताने फिरवायचे. चाक अ‍ॅक्सलला जोडले जाई. पाने-पक्कड हाती असलेल्याला घरीच जमणारा हा फेरफार, आणि तोही ताकद वाढवणारा नव्हे, नको तेव्हा सोडवणारा!

१९५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या खडकाळ रुबिकॉन वाटेने जीपवाल्यांचा पहिला मोठा तांडा ताहो सरोवराकडे निघाला.