रिदम गेम चारचौघांत खेळताना लोक असे का बघतात?

"टायपिंगची परीक्षा आहे का गं तुझी?"

सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये शेजारच्या काकूंनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी एका अवघड गाण्याच्या शेवटच्या २० सेकंदांत होते. दोन्ही अंगठे धडाधड चालू, कानात इअरफोन, नजर स्क्रीनवर खिळलेली. प्रश्न कानावर पडला, लक्ष हललं आणि ४०० च्या पुढे गेलेला कॉम्बो तुटला. आधी रागच आला. मग लक्षात आलं की काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना जे दिसत होतं ते खरंच टायपिंगसारखंच होतं.

तुम्हीही बसमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा मॉलमधल्या गेम झोनमध्ये रिदम गेम खेळत असाल तर अशा नजरा तुमच्या ओळखीच्या असतील. लोक असे का बघतात, कोणी बघत असलं की आपला स्कोअर का पडतो आणि बाहेर खेळताना फोनची कोणती सेटिंग्ज करून ठेवावीत, हे सगळं या लेखात एका ठिकाणी पाहूया.

रिदम गेम म्हणजे नेमकं काय?

गाणं वाजत असतं, स्क्रीनवर खुणा येत असतात आणि प्रत्येक खूण ठरलेल्या जागी पोचली की त्याच क्षणी टॅप करायचं. नियम एवढाच. १९९६ साली प्लेस्टेशनवर आलेला 'पराप्पा द रॅपर' हा या प्रकारातला सुरुवातीचा गाजलेला गेम. १९९७ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीने 'बीटमेनिया' आणला आणि १९९८ मध्ये पायाने खेळायचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'. फोनवर 'टॅप टॅप रिव्हेंज' (२००८), 'सायटस' (२०१२), 'पियानो टाइल्स' (२०१४) असे गेम येत गेले.

वरून सोपं वाटतं, पण आकडे बघा. गाण्याचा वेग १८० बीपीएम असेल तर सेकंदाला ३ ठोके पडतात. एका ठोक्यात ४ टॅप असतील तर सेकंदाला १२ टॅप, म्हणजे दोन टॅपमध्ये फक्त ८३ मिलिसेकंद. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. काही गेममध्ये सगळ्यात वरचा शेरा मिळवायला टॅप जवळपास एका फ्रेमइतका अचूक लागतो. अशा वेळी "किती वाजले?" एवढं विचारलं तरी खेळ संपतो.

बघणाऱ्याला विचित्र का वाटतं?

गणपतीत ढोल पथक बघताना कोणी म्हणत नाही की ही माणसं हात का आपटतायत. कारण आवाज आपल्याही कानावर पडत असतो. आता तोच व्हिडिओ म्यूट करून बघा. ५० माणसं घामाघूम होऊन हवेत हात फिरवतायत, एवढंच दिसेल.

इअरफोन लावून रिदम गेम खेळणारी व्यक्ती म्हणजे असा म्यूट केलेला व्हिडिओ. हालचाल सगळ्यांना दिसते, ताल फक्त एकालाच ऐकू येतो. मैफलीत श्रोते मांडीवर टाळी धरतात आणि सम आली की मान हलवतात, कारण सम सगळ्यांची असते. आपल्या इअरफोनमधली सम शेजाऱ्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे त्याला ना सुरुवात कळते, ना शेवट, ना आपण मध्येच "अरे यार!" का म्हणालो ते. बहुतेक नजरा या नावं ठेवणाऱ्या नसतात. समोर काय चाललंय त्याचा अर्थ लावायची ती धडपड असते.

स्टेज असलेली मशीन, स्टेज नसलेला फोन

गेम झोनमधल्या मशीनवर हा प्रश्न कमी येतो. डान्स मशीनला उंच पाट, मोठा स्क्रीन आणि मोठे स्पीकर असतात. खेळणाऱ्याची पाठ गर्दीकडे असते आणि त्याच्या खांद्यावरून सगळ्यांना स्क्रीन दिसतो. म्हणजे बघे येणार हे गृहीत धरूनच मशीन बनवलेली आहे. त्यातूनच खेळाडूंचे दोन प्रकार तयार झाले. एकाचं लक्ष फक्त स्कोअरवर. दुसऱ्याला 'फ्रीस्टाइल' म्हणतात. तो बाण पाठ करतो आणि वेळप्रसंगी स्क्रीनकडे पाठ करून लोकांसाठी नाचतो. स्कोअरवाले मात्र बरेचदा मागचा दांडा धरून खेळतात, म्हणजे पायावरचं वजन कमी होतं. नव्या बघ्याला ती फसवणूक वाटते, पण अवघड गाण्यांत ती सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे.

सेगाचा 'मायमाय' (२०१२) दिसायला पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनसारखा आहे. मध्ये गोल टचस्क्रीन, भोवती ८ बटणं. खेळणारे हातमोजे घालतात, कारण घामेजलेलं बोट काचेवर अडकतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला मोजे म्हणजे शायनिंग वाटते, पण त्यामागे कारण आहे ते घर्षणाचं. आणि गाणं चालू असताना खेळाडूशी बोलायचं नाही, बघायचं तर मागे उभं राहून, हा शिष्टाचार बरेच खेळाडू मानतात.

बघ्यांचे प्रकार

१. बघून न बघितल्यासारखं करणारे. सगळ्यात जास्त संख्या यांची. एकदा नजर टाकतात आणि लगेच खिडकीकडे वळतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ च्या त्यांच्या पुस्तकात या वागण्याबद्दल लिहिलंय. तुम्ही आहात याची दखल घ्यायची, पण तुमच्यात घुसायचं नाही. गर्दीत राहायची ही सभ्य पद्धत आहे.

२. प्रश्न विचारणारे. "हे काय आहे?", "पैसे मिळतात का यात?" गाणं संपल्यावर एका वाक्यात उत्तर द्या: "गाण्याच्या तालावर टॅप करायचा गेम आहे." बहुतेकांना तेवढं पुरतं.

३. सल्ला देणारे. "एवढी बोटं अभ्यासात चालवली असतीस तर..." यांच्याशी वाद घालू नका. तुमचं स्टेशन येईपर्यंतसुद्धा संपणार नाही.

४. लहान मुलं. ही थेट मांडीवर रेलतात. यांच्यासमोर सोपं गाणं लावा, एक टॅप त्यांना करू द्या.

५. दुसरा खेळाडू. काही बोलत नाही. तुमच्या अवघड भागाच्या वेळी मात्र श्वास रोखून धरतो. ओळखता येतो.

६. न विचारता शूट करणारे. यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

कोणी बघत असलं की स्कोअर का पडतो?

यावर खरोखर संशोधन झालंय. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६५ मध्ये मांडलं की कोणी बघत असलं की शरीर जास्त सतर्क होतं. त्यामुळे अंगवळणी पडलेलं काम सुधारतं आणि नवीन किंवा अवघड काम बिघडतं. १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हे चक्क झुरळांवर तपासलं. बघायला दुसरी झुरळं असताना सरळ वाटेवर झुरळ जास्त वेगाने पळालं, पण वळणाच्या वाटेवर त्याला जास्त वेळ लागला.

माणसांवरचा प्रयोगही आहे. १९८२ च्या एका अभ्यासात पूल खेळणाऱ्यांना गुपचूप बघून चांगले आणि कच्चे असे दोन गट केले गेले. मग चार जण त्यांच्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी शॉट ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर आले.

आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. बाहेर खेळताना हाताला बसलेली गाणी खेळा. नवीन अवघड गाणं घरी. लोकलमध्ये स्कोअर पडला तर "मला जमतच नाही" असं ठरवून टाकू नका. ते गाणं अजून अंगवळणी पडलेलं नाही, इतकंच.

"सगळे माझ्याकडेच बघतायत"

हेही तपासलं गेलंय. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचा फोटो असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं की जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही धड लक्षात आलं नव्हतं. स्वतःवर असलेला प्रकाशझोत आपल्याला नेहमी खरा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

बाहेर पडण्याआधी करायची सेटिंग्ज

वायरचा इअरफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला अनेकदा १०० ते ३०० मिलिसेकंद उशीर होतो. वर पाहिलं तसं दोन टॅपमधलं अंतर ८३ मिलिसेकंद असेल तर तुम्ही दोन-तीन टॅप मागे पडलात.

ब्लूटूथच असेल तर ऑफसेट बदला. बहुतेक चांगल्या गेममध्ये ऑफसेट किंवा कॅलिब्रेशनचा पर्याय असतो. तुमचे टॅप सतत 'लेट' दाखवत असतील तर तो थोडा थोडा सरकवा. अधिक-उण्याची दिशा प्रत्येक गेममध्ये वेगळी असते, त्यामुळे एक ओळखीचं गाणं खेळून तपासा.

टॅपचा आवाज बंद करा. ब्लूटूथवर तोही उशिराच येतो आणि हात गोंधळतो. स्पीकरवर तो शेजाऱ्याला छळतो.

स्पीकरचा मीडिया व्हॉल्यूम आधीच शून्यावर आणा. अँड्रॉइडवर ब्लूटूथचा आणि स्पीकरचा व्हॉल्यूम वेगळा लक्षात ठेवला जातो. इअरफोन तुटला की सिस्टिम अ‍ॅपला इशारा देते की आवाज आता स्पीकरवर जाणार. म्युझिक प्लेअर तो ऐकून गाणं थांबवतात, पण प्रत्येक गेम थांबतोच असं नाही. माझ्या इअरफोनची बॅटरी एकदा ठाण्याच्या अलीकडे संपली आणि पूर्ण डब्याला २०० बीपीएमचं जपानी गाणं ऐकावं लागलं. तेव्हापासून हे मी विसरलेले नाही.

डू नॉट डिस्टर्ब चालू करा. ओटीपीच्या मेसेजने तुटलेला कॉम्बो फार जिव्हारी लागतो.

कुठे थांबायचं?

लोकांनी आपल्याला समजून घ्यावं, ही अपेक्षा दोन्ही बाजूंनी असते. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय आवाज चालू ठेवायला मनाई केली. रेल्वेने २०२२ मध्ये रात्री १० नंतर मोठ्याने गाणी लावण्यावर निर्बंध घातले. तेव्हा स्पीकरवर खेळायचं नाही, हा पहिला नियम.

कॅफेत किंवा लायब्ररीत फोन टेबलावर ठेवून खेळलात तर टेबल ढोलकीसारखं वाजतं. तुम्हाला इअरफोनमुळे कळत नाही, समोरच्याला मात्र प्रत्येक टॅप ऐकू जातो. फोनखाली रुमालाची घडी ठेवा. गर्दीत कोपर बाहेर काढू नका. गेम झोनमध्ये मागे कोणी थांबलं असेल तर एक खेळ झाला की बाजूला व्हा.

लोकलच्या दारात किंवा प्लॅटफॉर्मच्या कडेला अजिबात खेळू नका. दारातल्या प्रवाशाच्या हातावर फटका मारून फोन पाडणाऱ्या टोळ्या मुंबईला नवीन नाहीत आणि नजर स्क्रीनवर असली की तो हात दिसतही नाही. गाणं साधारण दोन मिनिटांचं असतं, म्हणून स्टेशन तीन मिनिटांवर असेल तर नवीन गाणं सुरू करायचं नाही.

कोणी शूट करत असेल तर?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका मॉलमधल्या डान्स मशीनवर खेळत होते. मागून कोणीतरी शूट केलं. दोन दिवसांनी तो व्हिडिओ आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आला, त्यावर कसलंतरी विनोदी गाणं चढवलेलं. पायांचा आणि त्या गाण्याचा काही संबंध नव्हता, म्हणून ते आणखीनच वेडगळ दिसत होतं. सगळे हसले. मीही हसले आणि पुढचे आठ महिने त्या मशीनजवळ गेले नाही. गेमपेक्षा ते आठ महिने गेल्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आज असं झालं तर मी हे करेन. खेळ थांबवून सरळ म्हणेन, "प्लीज शूट करू नका, केलेलं डिलीट करा." ऐकलं नाही तर गेम झोनच्या स्टाफला सांगेन. व्हिडिओ टाकला गेलाच तर ज्या अ‍ॅपवर असेल तिथे रिपोर्ट करेन. प्रकरण छळापर्यंत गेलं तर ११२ आहे, रेल्वेत असाल तर १३९. आणि तुम्हीच बघे असाल, समोरचा भारी खेळत असेल, तर गाणं संपू द्या आणि विचारा, "व्हिडिओ काढू का?" बरेच जण आनंदाने हो म्हणतील.

काकूंचं काय झालं?

गाणं तुटलंच होतं, म्हणून मी एक इअरफोन त्यांना दिला आणि सोपं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात त्यांची बोटं पर्सवर ताल धरू लागली. मी दोनदा चुकले. त्या एकदाही नाही. "भजनी मंडळात टाळ वाजवते मी," असं म्हणत त्यांनी इअरफोन परत दिला. "पण तुझं ते आधीचं गाणं फारच घाईत होतं हं."