विदूरचा खडा

केतूसाठी लसण्या घालायला सांगितलेली माणसं दुर्गच्या सराफ्यात हटकून भेटतात. सराफ खडा दिव्याखाली फिरवतो, आतली पांढरी रेघ हलते, आणि तो म्हणतो, ‘जयपूर का माल है.’ जयपूर शहरात लसण्याची खाण कुठली? तिथे खडे घासतात.

हाच तंटा दोन हजार वर्षांपूर्वी वैयाकरणांत झाला होता. लसण्याचं संस्कृत नाव वैडूर्य. ‘तिथून निघतो’ या अर्थी शब्द कसे होतात हे सांगताना पाणिनीने एक अख्खं सूत्र (4.3.84) या एकाच शब्दासाठी खर्च केलं: ‘विदूर’ला ‘ञ्य’ प्रत्यय लावा. ‘वि’चा ‘वै’ होतो, शेवटी ‘य’ उरतो, वैदूर्य तयार. त्यातल्या ‘द’चा ‘ड’ मात्र सूत्रातून निघत नाही. त्यासाठी दक्षिणेकडच्या भाषांकडे बोट दाखवणारे अभ्यासक आहेत.

महाभाष्यात पतंजलीने आक्षेप मांडला: हा मणी निघतो वालवाय डोंगरात, विदूरला त्याच्यावर नुसते संस्कार होतात, मग नाव विदूरचं कसं? एक तोडगा असा, की व्यापारी वाराणसीला जित्वरी म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणतात. पंडितांना ही पळवाट वाटो. माझी नोकरीची वर्षं भिलाईच्या रेल मिलमध्ये गेली. लोहखनिज यायचं दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातून, पण रूळ देशभर भिलाईचेच म्हणवले. राजहऱ्याच्या खाणकामगारांनी त्यावर वार्तिक, म्हणजे सूत्रावरची टीप, लिहायला हवं होतं.

पुढे वैडूर्य हे नाव फार हिंडलं. प्राकृतात वेरुलिय, ग्रीकांकडे बेरिलोस, त्यावरून बेरिल. जर्मन लोक चष्म्याला ब्रिले म्हणतात तेही त्यातलंच. 1798 मध्ये वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला बेरिलमध्ये एका नव्या मूलद्रव्याचा ऑक्साइड सापडला, ते द्रव्य पुढे बेरिलियम झालं. आजचा लसण्या बेरिल नव्हे, क्रायसोबेरिल. त्यात बेरिलियम असतं, म्हणून दूरच्या नात्याने नाव घरातच राहिलं.

याच क्रायसोबेरिलमध्ये थोडं क्रोमियम शिरलं की उन्हात हिरवा आणि बल्बखाली लालसर दिसणारा अलेक्झांड्राइट होतो. तो 1830च्या दशकात उरलमध्ये सापडला आणि पुढे झार झालेल्या दुसऱ्या अलेक्झांडरचं नाव त्याला मिळालं. रशियाशी आमचं नातं लोखंडाचं. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा त्यांच्याशी करार 1955 चा, पहिली झोतभट्टी पेटली 1959 मध्ये. पण राजपुत्राच्या नावाचा हा खडा आमच्या छत्तीसगडातही, गरियाबंद जिल्ह्यात देवभोगजवळच्या सेंदमुड्याला निघतो.

‘आइट’ हा शेपटीचा प्रत्यय ग्रीक, काम बरंचसं आपल्या ‘ञ्य’सारखंच. पाणिनीने ते सूत्र विदूरपुरतंच ठेवलं, नाहीतर देवभोगच्या खड्याचं रीतसर नाव झालं असतं दैवभोग्य. केतूवाल्या गिऱ्हाइकांना ते अलेक्झांड्राइटपेक्षा लवकर पटलं असतं.